दोरा तुटला नसेल तर

स्वप्नाचा फोन आला तेव्हा अनुश्री कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या तापलेल्या सीटवर ओला रुमाल फिरवत होती. मालवीय नगरातल्या त्या आवारात झाडं मोजकी आणि गाड्या उदंड, त्यामुळे सावली ही नोकरीतल्या ज्येष्ठतेने मिळायची गोष्ट होती. आणि इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवूनही अनुश्रीला ती मिळाली नव्हती, कारण ती कधी मागायलाच गेली नव्हती.

"ताई, दोरा काढून टाका म्हणून वरून आलंय," स्वप्ना म्हणाली. "आजच्या आज, सगळ्या मशीनवरून."

"वरून म्हणजे कुठून?"

"ऑफिसातून. मतलब, ऑफिसला कुणीतरी सांगितलं असणार. त्याच्यावर कुणाचं तरी पेटंट आहे म्हणे. तुमच्यावर केस झालीय का हो?"

"नाही," अनुश्री म्हणाली. "अजून नाही." आणि 'अजून' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, की आठवडाभर आपण ज्या मेलकडे बघून न बघितल्यासारखं करतोय, तो मेल खरा आहे.

दोरा म्हणजे तिचा प्रोग्रॅम. तिचा म्हणजे तिने लिहायला घेतलेला. पुढे कुठल्या कुठल्या देशांतल्या, कधी न भेटलेल्या माणसांनी त्यात हात घातला, तो नीट केला, बिघडवला, पुन्हा नीट केला. फुकट आणि उघडा. ज्याला हवा त्याने न्यावा, हवा तसा बदलावा, बदललेला पुन्हा चारचौघांत ठेवावा. मोठं सॉफ्टवेअर असंख्य तुकड्यांत लिहिलेलं असतं, ते तुकडे एकमेकांवर रचून शेवटी एक चालणारी वस्तू बांधावी लागते. एका तुकड्यात चार अक्षरं बदलली तर पुन्हा काय काय बांधायचं आणि काय आहे तसंच राहू द्यायचं, हे ठरवणारं हत्यार म्हणजे दोरा. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. जेवणाऱ्याला ताट दिसतं, परात दिसत नाही. स्वप्ना मूळची अकोल्याची, राहते याच शहरात, दुर्गापुऱ्यात, काम करते शेतकी संशोधनाच्या ऑफिसात, बाजरीवरच्या रोगांवर. हवा, दव आणि पेरणीची वेळ यांवरून रोग कुठे पडेल हे सांगणारं तिचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या धापा टाकणाऱ्या मशीनवर बांधलं जायचं. दोरा नसता तर एवढ्याशा दुरुस्तीसाठी तिला अख्खा दिवस त्या मशीनसमोर बसून राहावं लागलं असतं. "मग आता मी काय करू, ताई? पेरण्या तोंडावर आल्यात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात, शेजारीण टाकीचं पाणी केव्हा येणार हे विचारते तसली साधी चौकशी होती. तीच अनुश्रीला लागली. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

"संध्याकाळी सांगते," असं म्हणून तिने हेल्मेट चढवलं आणि टोंक रोडच्या गर्दीत शिरली. ऊन अंगावर गरम तव्यासारखं आडवं येत होतं. तो मेल तिला आता जवळजवळ पाठ होता. इंग्रजी इतकं गुळगुळीत, की बोट ठेवावं तर सटकावं. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं, की आमच्या अशिलाच्या मालकीच्या शोधाचा तुमच्या 'दोरा' नावाच्या उत्पादनात विनापरवाना वापर होत आहे. उत्पादन. तिने दोराला कधी उत्पादन म्हटलं नव्हतं. उत्पादन साबणाचं होतं. पुढे तो शोध काय आहे हे सांगायला त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं, ते एका पानाच्या काठावरून सुरू होऊन दुसऱ्या पानाच्या काठापर्यंत पोचत होतं: पद्धती, प्रणाली आणि साधनसमूह, ज्यायोगे प्रथम घटकाच्या पुनर्निर्मितीनंतर प्राप्त झालेल्या फलिताचे पूर्वफलिताशी तादात्म्य आढळल्यास तदवलंबी द्वितीय घटकांची पुनर्निर्मिती स्थगित राहील. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तिने ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. कारण त्या सगळ्या कोळिष्टकाचा अर्थ एवढाच होता: उघडून बघितलं, आतलं होतं तसंच निघालं, तर पुढचं काही हलवू नका. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी वीस वर्षांसाठी कुंपण घातलं होतं. आणि शेवटी, मोठ्या मनाने, एक तोडगा. सोबत जोडलेल्या निवेदनावर सही करा: दोरामधला तो भाग काढून टाकते आणि ही कल्पना नीरज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे हे मान्य करते. मग आमचे अशील वापरणाऱ्यांच्या मागे लागणार नाहीत. मुदत आजच्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे त्यांच्या सकाळपर्यंत.

तो भाग काढून टाकल्यावर दोरा राहणार होता, पण देवळातून मूर्ती उचलल्यावर गाभारा राहतो तसा. एवढंसं काही शिवलं की सगळं पुन्हा बांधायला घेणारं, आंधळं, आज्ञाधारक काहीतरी. सही नाही केली, तर स्वप्नासारख्यांच्या ऑफिसांत एकेक करून निरोप पोचणार. ते पोचायला लागलेच होते. म्हणजे कंपनीने मुदत संपायची वाटसुद्धा बघितली नव्हती. गळा धरायचा आणि मग विचारायचं, आवळू का. सिग्नलला तिच्या शेजारी उभ्या सिटी बसचा धूर हेल्मेटच्या काचेत शिरला आणि ती मोठ्याने म्हणाली, "हरामखोर." बसच्या खिडकीतल्या बाईने दचकून आपल्या पर्समध्ये बघितलं.

नीरजचं नाव. ते नाव तिने त्या मेलमध्ये तीनदा वाचलं होतं. मालवीय नगरातल्याच एका कोचिंग क्लासचा मालक रविवारी दुपारी एक वर्ग रिकामा देत असे, तिथे फुकट सॉफ्टवेअरचं वेड असलेली मंडळी जमायची. भिंतीवर गेल्या परीक्षेतल्या पहिल्या आलेल्यांचे फोटो, खाली बाकांवर हे नापास दिसणारे लोक, मधोमध कचोऱ्यांची तेलकट पुडी. नीरज तिथे शेवटच्या बाकावर बसायचा. टोंक गावाकडचा, अंगाने किरकोळ, बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरणारा. त्या रविवारी अनुश्री फळ्यापुढे उभी राहून तिच्या आईच्या ट्रंकांची गोष्ट सांगत होती. वडील, उत्तमराव निकम, पलटणीत; साताऱ्याकडची माणसं, आणि दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं. काळ्या लोखंडी ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. बढती मिळाली की जुन्या हुद्द्यावर काळा हात फिरवून नवा लिहायचा, तरी उन्हात धरलं की खालचा जुना 'नाईक' हा हुद्दा दिसायचा. आई सामान भरून झालं की प्रत्येक ट्रंकेच्या कडीला दोरा बांधायची. ट्रंका एकावर एक रचलेल्या, खालची वरचीला तोलून धरणारी. गाडीत, स्टेशनवर, फलाटावरच्या रात्री कुठली तरी उघडावी लागायचीच, घोंगडी काढायला, नाहीतर पोराचं औषध शोधायला. उघडली आणि सगळं होतं तसं परत ठेवलं, तर आई पुन्हा पांढरा दोरा बांधायची. आतलं बदललं असेल तर लाल. नव्या गावी उतरल्यावर पांढरा दिसला की तिच्यावरचं काही हलवायचं नाही. लाल दिसला तर तिच्यावरचं सगळं उतरवून तोल बघून पुन्हा रचायचं. "आपल्या प्रोग्रॅमलाही हेच शिकवायचंय," ती फळ्यावर ट्रंका काढत म्हणाली होती. तेव्हा शेवटच्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला. "मॅम, मतलब, खोलके देखा, पर सामान वही निकला, तो आगे वाले को पता भी नहीं चलना चाहिए?" "बिलकुल," ती म्हणाली होती. "पता भी नहीं चलना चाहिए." बस. एवढाच प्रश्न. जे ती सांगत होती तेच त्याने विचारून पक्कं करून घेतलं होतं.

पण त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला होता. आणि या लोकांच्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना वेडगळ वाटेल: कुणी एक शब्द जरी उच्चारला, एक चूक दाखवली, नुसता प्रश्न विचारला, तरी बदलाची नोंद करताना त्याचं नाव घालायचं, आभार मानायचे. पैसा नाही, पद नाही, तेव्हा नाव तरी. आणि नवा असेल तर जरा जास्तच मानायचे, म्हणजे तो टिकतो. अनुश्रीने तो भाग लिहून पूर्ण केला आणि नोंदीत, तसंच कोडमध्ये त्या भागाच्या डोक्यावरही, इंग्रजीत लिहिलं, ही कल्पना पूर्णपणे नीरजची आहे, त्याचे मनापासून आभार. 'पूर्णपणे' लिहिताना आपण किती छान वागतोय असं तिला वाटलं होतं. पुढच्या रविवारी तो पहिल्या बाकावर बसला. मोबाइलवर ती ओळ शेजाऱ्याला दाखवत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्या ओळीच्या जोरावर त्याला गुरुग्राममध्ये नोकरी लागली, याच कंपनीच्या इकडच्या शाखेत, आणि पेढे द्यायला तो मानसरोवर कॉलनीतल्या तिच्या घरी आला तेव्हा आईच्या पाया पडला होता. आता तीच ओळ त्या मेलमध्ये, तारखेसकट, उद्धृत करून घातली होती.

घरी आली तर कूलरच्या नव्या गवताचा ओला वास दारापर्यंत आलेला. दुपारी माणूस येऊन जाळ्या बदलून गेला होता आणि आई, विजयमाला, खाली सांडलेल्या काड्या वेचत होती. सत्तरी ओलांडल्यावरही तिला केर दुसऱ्या कुणी काढलेला चालत नाही. अनुश्रीचा नवरा चंद्रकांत आज लवकर आला होता. हॉस्पिटलमध्ये तो भूल देतो, आणि घरातही त्याचा आवाज पेशंटला दहा अंक उलटे मोजायला सांगितल्यासारखाच असतो.

"साधनाशी बोललो," तो म्हणाला. साधना त्याची मामेबहीण, दिल्लीत पेटंटचीच वकील. "बस आधी. पाणी पी."

"उभ्यानेच सांग."

"ती म्हणते, भारतात नुसत्या प्रोग्रॅमवर पेटंट देत नाहीत. पण तुझा सर्व्हर तिकडे, वापरणारे निम्मे तिकडे. म्हणजे कायदा तिकडचा."

"पण मी आधी जाहीर केलंय. माझी नोंद त्यांच्या अर्जाच्या आधीची आहे. आधी जगजाहीर असलेल्या गोष्टीवर पेटंट कसं मिळेल? हे शाळेतल्या पोराला कळतं."

"तेच मी तिला विचारलं." त्याने चष्मा काढून पुसला. "तिकडे शोध लावणाऱ्याने स्वतः जाहीर केलं असेल तर वर्षभराची सूट असते. किंवा त्याच्याकडून ऐकून दुसऱ्या कुणी जाहीर केलं असेल तरी. त्यांचा अर्ज वर्षाच्या आत आहे. आणि तू स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंयस, की कल्पना पूर्णपणे त्याची."

अनुश्री बसली.

"म्हणजे माझा पुरावा..."

"त्यांचा झाला. तू आधीच लिहून दिलंयस, अनु. आता ते फक्त सही मागतायत."

कूलर घरघरत होता, त्याच्या गार वाऱ्यात गवताची धूळ होती. तिला आठवलं, नोंद पुरी करताना 'पूर्णपणे' नको, 'प्रश्नामुळे सुचली' पुरे, असं क्षणभर मनात आलं होतं. पण तो शब्द खोडायला तिला कंजूषपणा वाटला होता. ज्या जगात ती वावरत होती तिथे आभार जास्त मानल्याने कुणाचं काही जात नव्हतं. आणि दुसरं एक जग होतं, त्यात काचेच्या इमारतीत बसून कुणीतरी पगार घेऊन असल्या ओळी वेचत होतं, आई गवताच्या काड्या वेचते तशा; कुणाच्या चांगुलपणात फट कुठे राहिलीय, कुठल्या सौजन्याची दोरी करता येईल, हे शोधत. ह्या लोकांनी कोडची एक ओळही लिहिली नव्हती. त्यांच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरसुद्धा फुकटच्या हत्यारांनी बांधलेलं असणार, शंभर टक्के. चोराने तुमच्याच घराला कुलूप लावावं आणि वर किल्ली भाड्याने घ्या म्हणावं, असला प्रकार. आणि जगाने ह्याला कायदा म्हणायचं. तिच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, हे तिला चंद्रकांतच्या नजरेवरून कळलं.

"ती ओळ काढून टाकता येत नाही का?" तो हळूच म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे येत नाही, की काढणार नाहीस?"

"दोन्ही. प्रत्येक नोंदीवर तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा असतो. एक जुनी बदलली की पुढच्या सगळ्यांचे ठसे बदलतात. जगात हजारो प्रती आहेत, सगळ्यांना दिसेल की मी मागे जाऊन हात मारलाय." तिने पाणी संपवलं. "आणि मी मारणार नाही."

"मग सही कर आणि मोकळी हो. साधना म्हणते, बरोबर असणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. आणखी एक, कुठेही काही लिहायचं नाही म्हणाली. एक शब्द नाही. तुम्हा लोकांना सगळं चव्हाट्यावर मांडायची खोड आहे ना, ती जरा आवर म्हणाली."

तिने रिकामा ग्लास खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन नीरजला फोन लावला. आठवडाभर लावायचं टाळलं होतं, कारण फोन उचलला गेला नाही तर तो वाईट आहे असं ठरवावं लागलं असतं. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"मॅम," तो म्हणाला, आणि घसा खाकरला.

"खरं सांग, नीरज. ती कल्पना तुझी आहे?"

"मॅम, इथे दर वर्षी सगळ्यांना कल्पना भरून द्याव्या लागतात. नाही दिल्या तर मूल्यमापनात धरतात. माझ्याकडे काही नव्हतं. मी दोराबद्दल लिहिलं. आईजींच्या बक्शांचं, त्या ट्रंकांचं पण लिहिलं होतं, कसम से. ते म्हणाले, ये सब हटा दो, ह्याची गरज नाही."

"मग कुणाच्या डोक्यातून आलं असं लिहिलं?"

"त्यांनी विचारलं, कुठे कुणी तुझं नाव घातलंय का. मी तुमची ओळ दाखवली." फोनवर पलीकडे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज, लिफ्टची घंटी. "मला वाटलं नुसती ट्रॉफी देतात. टेबलावर ठेवायची, काचेची. मला नाही माहीत मॅम, की ते तुमच्यावर..."

"हेच, आत्ता बोललास तेच, लिहून देशील?"

त्याने पुन्हा घसा खाकरला. तिला तो कोचिंगचा वर्ग दिसला. शेवटचा बाक, भिंतीवरचे हसरे पहिले आलेले.

"मॅम, घर का लोन चालू आहे," तो म्हणाला. "और मेरी बीवी..." पुढे त्याने काही सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. त्याच्यावर पुरतं रागावता येईना, ह्याचाच तिला राग आला. एका भित्र्या माणसाला पुढे उभं करून मागे उभ्या असलेल्यांना चेहराच नव्हता. ज्याच्या थोबाडीत मारावी असं थोबाडच त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं.

मग ती लॅपटॉप उघडून लिहायला बसली. सही करायची नाही हे आपण ठरवलंय हे तिला बोटांवरून कळलं. साधनाने लिहू नका म्हटलं होतं. साधनाचा धंदा न लिहिण्यावर चालतो, आमचा लिहिण्यावर, असं म्हणत ती टंकत राहिली. सगळ्यांना दिसेल असं. मेल जसाच्या तसा चिकटवला. ट्रंका, दोरे, फलाट, सगळं लिहिलं. आणि खाली लिहिलं: ही कल्पना कुठल्याही कंपनीची नाही, ही माझ्या आईची आहे, विजयमाला उत्तमराव निकम हिची. आमची आहे. तुम्ही चोरलीत. ते वाक्य तिने पुन्हा वाचलं तेव्हा छाती भरून आली. मग वाटलं, आईचं नाव जगाच्या पुढे टांगतोय, तिला निदान विचारावं.

आई दिवाणाच्या कडेला बसून चहात टोस्ट बुडवत होती. दिवाणाखाली शेवटची ट्रंक होती, वडील गेल्यापासून कुणी न उघडलेली. कडीचा दोरा मळून पिवळा पडलेला. अनुश्रीने सांगायला सुरुवात केली. पेटंट हा शब्द आईला पेटंट औषधांमुळे माहीत होता. बाकीचं तिने चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं.

"मंजे ट्रंकंला दोरा बांधायला आता त्यांस्नी इचारायचं?"

"ट्रंकेला नाही. पण जवळजवळ तसंच."

"आणि तू लिवलंस की ते माझं हाय."

"तुझंच आहे ना."

आई हसली, तोंडातल्या टोस्टसकट. "आगं, माझं कुठलं? मी लग्न होऊन जोधपूरला पलटणीच्या लायनीतल्या खोलीत गेले तवा मला गाठोडंबी नीट बांधता येत नव्हतं. तुझे वडील चिडायचे. शेजारी कस्तुरी ऱ्हायची. तिनं शिकवलं."

"कोण कस्तुरी? तू कधी बोलली नाहीस."

"तू इचारलंस कधी? पहाडातली कुठली तरी होती. तिचा नवरा ड्रायव्हर. तिचं बोलणं मला कळंना, माझं तिला. हिंदी दोघींनाबी धड येत नव्हतं." आईने कप खाली ठेवला आणि हवेत दोन्ही हात उचलले, एका हाताने न दिसणारी कडी धरली, दुसऱ्याने न दिसणारा दोरा ओवला, झाकण उघडल्याची खूण केली, आत डोकावली, मान हलवली, बंद केलं, पुन्हा गाठ मारली. "असं दाखवलं. हातानंच. मग लाल धागा आपल्या वेणीतला काढून दिला. लोकरीचा हुता."

"तिला कुणी शिकवलं?"

"आता ते मला काय ठावं? आमची बदली झाली. पुन्हा भेट न्हाई. पर मीबी पुढं लई जणींना दाखवलं की. कुठं कुठं गेल्या त्या."

अनुश्री आईच्या हातांकडे बघत राहिली. ते हात अजून हवेत होते, त्या गाठीच्या आकारात. आपण आत लॅपटॉपवर काय लिहून आलोय हे तिला आठवलं, आणि तिच्या कानशिलांना चटका बसला. आमची आहे. तुम्ही चोरलीत. तेच कुंपण, फक्त पाटी वेगळी. ह्या सगळ्या आठवड्यात तिचा संताप मालकिणीचा होता, आपलं गेल्याचा. आणि तिथे जोधपूरच्या लायनीत एक बाई, जिची भाषा कुणाला कळत नव्हती, वेणीतला धागा काढून देत होती, बदल्यात कसलीही ओळ न मागता. राग कमी झाला नाही. उलट तो आता पायाखालून वर येत होता, मोठा, जड, पण त्यातलं 'माझं' गळून पडलं होतं. जे कुणाचंच नव्हतं म्हणून सगळ्यांना पुरत होतं, ते ह्यांनी उचललं होतं. एकीची गोष्ट दुसऱ्याने नेली, तर चोरी म्हणता येते. ह्याला काय म्हणायचं? फलाटावरच्या नळाला कुणी आपलं नाव कोरावं, आणि तहानलेल्यांना विचारावं, तुमच्याकडे परवाना आहे का? चोरी हा शब्द ह्याला अपुरा होता. अपुरा आणि फार सभ्य.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, समोरच्या सोसायटीत कुणीतरी गच्चीवर पाणी शिंपत होतं. तिने स्वप्नाला फोन केला.

"मी सही करणार नाही, स्वप्ना. तुझं अडेल. मला माहीत आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग स्वप्ना म्हणाली, "अडेल तर खरं. साहेबांना मी काय सांगू, ताई? सही केली असती तर?"

"तर दोरा मिळाला असता. आंधळा. तेवढ्याच वेळात बाजरी हाताने मोजून झाली असती."

स्वप्ना हसली नाही. "मला राग येतोय," ती म्हणाली. "तुमचा नाही. तुमचापण थोडा येतोय, खरं सांगते."

"येऊ दे."

"ऑफिसच्या मशीनवरनं काढा म्हणालेत." ती विचार करत होती. "माझ्या घरच्या लॅपटॉपवर एक प्रत आहे. तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. मीपण कुणाला विचारायला जाणार नाही."

फोन ठेवून अनुश्री पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. 'ही माझ्या आईची आहे' पासून 'तुम्ही चोरलीत' पर्यंतची वाक्यं खोडली. वकिलांच्या निवेदनाला उत्तर एका ओळीचं: सही करणार नाही. तो मेल पाठवून, सगळ्यांसाठी लिहिलेलं तिने सगळ्यांपुढे ठेवून दिलं. चंद्रकांत दारात येऊन उभा होता; त्याने स्क्रीन वाचला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, नाडी बघावी तसा.

मग तिने दोराचा कोड उघडला. तो भाग, जो काढायचा होता, तिथे गेली. कोडला हात लावला नाही. त्याच्या डोक्यावर आभारांची ओळ होती, नीरजचं नाव, 'पूर्णपणे' सकट. ती तशीच राहू दिली. त्या रविवारी त्याचे कान लाल झाले होते, ते खरं होतं. तिच्याखाली तिने नवी ओळ लिहिली. आभार: कस्तुरी, पलटणीची लाइन, जोधपूर. आडनाव माहीत नाही. तिला कुणी शिकवलं माहीत नाही.

"हे कशाला?" चंद्रकांत म्हणाला. "हेही ते वापरतील."

"वापरू दे," अनुश्री म्हणाली. पलीकडच्या खोलीत आई ट्रंकेच्या कडीशी खुडबुडत होती. बसल्या बसल्या तिने जुना दोरा सोडून काढला होता आणि दुसरा कुठे मिळेल का ते बघत होती. अनुश्रीने नोंद नक्की केली. नवा ठसा उमटला, जुन्या सगळ्या ठशांच्या पुढे, आणि मागचा एकही हलला नाही.